नगरसेवकाने प्रश्न विचारला, पण उत्तर द्यायला उभं कोण राहतं?

कराडकर_साहेबाच्या_देशात:

मंडळी, गेल्या आठवड्यात आयुष्यात पहिल्यांदा इथल्या कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, सभेला जाऊन बसलो आणि आल्यापासून डोक्यात जे फिरतंय ते इथं टाकतोय. लांबेल, चहा घेऊन बसा.

मी इंग्लंडात बर्कशायरमध्ये राहतो, गावाचं नाव मुद्दाम देत नाही. आमची वसाहत शेतजमिनीवर उठलेली, साडेपाचशे घरांची. घर बुक करायला गेलो तेव्हा सेल्स ऑफिसात टेबलावर मॉडेल होतं, स्पंजची हिरवी झाडं, काडेपेटीएवढी घरं आणि कोपऱ्यात लाल कौलांची छोटी प्राथमिक शाळा. चार वर्षं झाली. शाळेच्या जागी निळं कुंपण आहे आणि कुंपणामागे मातीचा ढीग, त्याच्यावर आता गवत आणि चक्क एक झुडूप उगवलंय. आमची धाकटी त्याला डोंगर म्हणते. तिला रोज तीन मैलांवरच्या शाळेत सोडायला गाडी काढावी लागते, आणि वसाहतीतल्या सगळ्यांनाच काढावी लागते त्यामुळे सकाळी आठ वाजता आमच्या राऊंडअबाउटचा पुण्याचा चांदणी चौक झालेला असतो.

आमच्या वॉर्डाच्या कौन्सिलरबाई विरोधी पक्षाच्या. पत्रकं टाकत दारावर आल्या तेव्हा बायकोने त्यांना पाऊण तास पावसात उभं करून सुनावलं. बाई छत्रीखाली वहीत लिहीत होत्या. शेवटी म्हणाल्या, मी सभेत प्रश्न टाकते, तुम्ही या बघायला.

गेलो. संध्याकाळी सातला सभा, कारण बहुतेक कौन्सिलर दिवसा आपापली नोकरी करतात. पब्लिकसाठी मागे तीन ओळी खुर्च्या, माणसं मोजून नऊ, त्यातले दोन पेन्शनर बहुतेक हीटर चालू असतो म्हणून आलेले. प्रश्नांची यादी छापून खुर्चीवर ठेवलेली. पद्धत अशी की प्रश्न आधीच लेखी द्यायचा, मग सभेत एक्झिक्युटिव्ह मेंबर उत्तर वाचून दाखवतो. एक्झिक्युटिव्ह मेंबर म्हणजे अधिकारी नव्हे बरं का, मी इतकी वर्षं तेच समजत होतो. तोही निवडून आलेला कौन्सिलरच, फक्त त्याच्याकडे खातं असतं, एकाकडे प्लॅनिंग, एकाकडे रस्ते, एकाकडे मुलांच्या सेवा, म्हणजे गावचं छोटं मंत्रिमंडळच. २००० सालच्या कायद्याने ही पद्धत आणली, लीडर धरून जास्तीत जास्त दहा जण. बाकीचे कौन्सिलर मंत्रिमंडळाबाहेर, त्यांचं काम यांना धारेवर धरणं.

बाईंचा प्रश्न साधा होता, आमच्या वसाहतीतली शाळा कधी सुरू होणार. प्लॅनिंगवाले गृहस्थ उठले, चष्मा लावला आणि वाचलं की कौन्सिल शिक्षणाच्या सोयींबाबत अत्यंत कटिबद्ध असून विकसकाशी सकारात्मक चर्चा सुरू आहे. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं, हे वाक्य तर मी लहानपणापासून ऐकतोय.

पण एक पुरवणी प्रश्न विचारायचा हक्क असतो, आणि तो आधी सांगावा लागत नाही. बाई उठल्या. म्हणाल्या, बिल्डरशी केलेल्या करारात लिहिलंय की ३५० वं घर राहतं होण्याआधी शाळेची जमीन कौन्सिलच्या ताब्यात द्यायची, आज ४१२ घरांत माणसं राहतात, तर कराराचा भंग झाल्याची नोटीस कौन्सिलने कुठल्या तारखेला काढली?

सभागृहात अशी शांतता की मागच्या पेन्शनरचं खोकणंसुद्धा ऐकू आलं. गृहस्थांनी कागद उलटे केले, सुलटे केले, शेजारी बसलेल्या अधिकाऱ्याकडे पाहिलं. अधिकारी समोरच्या पाण्याच्या ग्लासकडे बघत होता. शेवटी म्हणाले, दहा दिवसांत लेखी उत्तर देतो. मेयरबाईंनी पुढचा प्रश्न पुकारला. सगळं मिळून अडीच मिनिटं.

मला विचारायचंय ते हे, की आपल्याकडे हे कसं चालतं? कराडला असताना कधी नगरपालिकेच्या सभेला गेलो नाही, खोटं कशाला बोलू. कोणी आतलं माणूस आहे का इथं?

शेंगदाणा_चिक्की:

धागा आवडला. ते मातीच्या ढिगाचं वाचून हसू आलं आणि वाईटही वाटलं. आमच्याकडे नकाशात बाग दाखवलेल्या जागेवर गेली अकरा वर्षं लग्नाचे मांडव पडतात.

दप्तरी_दाखल:

कराडकर, मी एका महापालिकेच्या नगरसचिव कार्यालयात २६ वर्षं काढली, आता निवृत्त. कुठली ते विचारू नका, पेन्शन चालू आहे.

नगरसेवकाला आयुक्तांना प्रश्न विचारायचा हक्क आपल्याकडेही कायद्यानेच आहे. लेखी प्रश्न आमच्याकडे यायचे, आम्ही आवक नंबर टाकून खात्याकडे पाठवायचो. मग खरी गंमत. खातं लिहायचं “माहिती संकलित करण्यात येत आहे”. आम्ही स्मरणपत्र द्यायचो. मग सभेच्या आदल्या संध्याकाळी साडेसहाला शिपाई उत्तर घेऊन यायचा आणि त्यात लिहिलेलं असायचं “होय”, “नाही”, “प्रश्न उद्भवत नाही”. एका नगरसेवकाने विचारलं होतं की प्रभागातले किती दिवे बंद आहेत आणि का. उत्तर होतं, “अ) काही. ब) तांत्रिक कारणास्तव.” तो कागद मी बरेच दिवस जपून ठेवला होता.

तरी हे लेखी प्रश्न बरे म्हणायचे. सभेत प्रश्नोत्तरांचा तास पूर्ण व्हायचाच नाही. कोणी तरी वारलेलं असायचं, श्रद्धांजली वाहून सभा तहकूब. पुण्यात मुख्य सभा म्हणतात, ठाण्या-नाशकात महासभा, नाव काहीही असो, कार्यपत्रिकेवर त्या तहकूब सभांची माळ लागलेली असते. जे काही प्रश्न विचारले जायचे ते तोंडी, आरडाओरडा करून, आणि समोर उभा राहायचा तो एखादा खातेप्रमुख. नगरसेवक म्हणणार “प्रशासनाने खुलासा करावा”, आणि खातेप्रमुख उठून खुलासा करणार.

तुमच्याकडचा मूळ फरक हा, की तुमच्या त्या चष्मेवाल्या गृहस्थांना लोक मत देतात किंवा पाडतात. आमच्याकडे उत्तर देणाऱ्याला कोणी पाडू शकत नाही, फार तर बदली होते, आणि बऱ्याचदा ती त्यालाच हवी असते.

नदीकाठ_४११:

+१ दप्तरी_दाखल काका. आपल्याकडे सगळे कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे आणि आयुक्त राज्य सरकारने पाठवलेले. महापौर म्हणजे अडीच वर्षांचा मान, गाडी, झगा आणि फीत कापायची कात्री. मग नगरसेवक कोणाला जाब विचारणार? सत्ताधारी पक्षाचा नगरसेवकसुद्धा उभा राहून प्रशासनाला शिव्या घालतो, जसं काही प्रशासन परग्रहावरून आलंय. म्हणजे सत्तेत असून विरोधात!! लोकांना वाटतं वा काय लढतोय आपला माणूस.

कात्रजचा_बोगदा:

खिक्. सत्तेत असून विरोधात, हे प्रभागाच्या फ्लेक्सवर छापायला पाहिजे.

दोन पैसे माझे. पुण्यात जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली, १६५ नगरसेवक निवडून आले. त्याआधी मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं सभागृहच नव्हतं, प्रशासक. मुंबईत तेच. नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, संभाजीनगर तर २०२० पासून. म्हणजे आयुक्तच स्थायी समिती, आयुक्तच मुख्य सभा. स्वतःच प्रस्ताव मांडायचा, स्वतःच मंजूर करायचा, आणि प्रश्न विचारायचा असला तर आरशासमोर उभं राहायचं.

आता माणसं आली, पण चार जणांचा प्रभाग. आमच्या गल्लीत ड्रेनेज तुंबलं तर कोणाला फोन करायचा? अ म्हणतो हे ब चं काम, ब म्हणतो मी मागच्या आठवड्यात सांगितलं, क उचलत नाही, ड च्या जागी त्यांचे मिस्टर बोलतात.

माळरान:

वरचं सगळं ठीक आहे पण इंग्लंडचं उगाच कौतुक नको. मी मिडलँड्समध्ये १४ वर्षं आहे. इथं प्रश्नोत्तरं होतात छान, टाय लावून, वेळ लावून, आणि त्यातून निघतं काय तर कटिबद्ध आहोत. वोकिंगच्या कौन्सिलने कर्ज काढून टोलेजंग इमारती बांधल्या आणि जून २०२३ मध्ये कलम ११४ ची नोटीस काढून हात वर केले. स्लाउ २०२१ ला, क्रॉयडन २०२० ला, बर्मिंगहॅम सप्टेंबर २०२३ ला, नॉटिंगहॅम त्याच नोव्हेंबरात. कलम ११४ ची नोटीस म्हणजे आमच्याकडे पैसे संपले, आता अत्यावश्यक सोडून नवीन खर्च बंद. या सगळ्या ठिकाणी सभेत प्रश्न विचारले जातच होते ना? मग कर्ज होईपर्यंत कोणाला कसं दिसलं नाही?

बर्मिंगहॅमला नंतर सरकारने कमिशनर बसवले, म्हणजे तुमचे ते प्रशासकच की. आणि २०२४ मध्ये लोकांचा कौन्सिल टॅक्स, म्हणजे आपली घरपट्टी, एका दमात जवळजवळ १० टक्क्यांनी वाढवला. एरवी साधारण ५ टक्क्यांच्या वर जायचं तर सार्वमत घ्यावं लागतं, यांना सरकारने खास परवानगी दिली. वर मार्च २०२५ मध्ये कचरा कामगारांचा बेमुदत संप सुरू झाला, बातम्यांतले ते काळ्या पिशव्यांचे डोंगर सगळ्यांनी पाहिले असतील.

कराडकर_साहेबाच्या_देशात:

माळरान, मान्य. कौतुक करायला धागा नाही काढला. पण एक फरक सांगतो, बर्मिंगहॅमला कमिशनर आले तरी कौन्सिलर घरी नाही गेले, सभा चालू राहिल्या, प्रश्न चालू राहिले, टॅक्सवाढीला हात वर करायलाही तेच उभे राहिले. आपल्याकडे सभागृहालाच कुलूप.

आणि कर्ज कोणाला दिसलं नाही याचं उत्तर माझ्या मते असं, की “आर्थिक परिस्थिती कशी आहे” असा प्रश्न विचारला की “सुदृढ आहे” असं उत्तर येतं. आमच्या बाईंनी जर शाळेबद्दल कळकळीचं भाषण ठोकलं असतं तर चष्मेवाल्यांनी कटिबद्धता अजून एकदा वाचली असती आणि सगळे घरी गेले असते. तिने आकडा टाकला, ३५० आणि ४१२. आणि तारीख मागितली. तिथे कटिबद्ध राहून भागत नाही.

मोजपट्टी:

इतके दिवस वाचनमात्र होते, या वाक्याने लॉगिन करायला लावलं. मी नगररचनेत काम करते, पुढची मागची सगळी बाजू पाहिली आहे.

कराडकर म्हणतात तो तुमच्याकडचा कलम १०६ चा करार, १९९० च्या प्लॅनिंग कायद्यातला. बिल्डरला परवानगी देताना शाळा, बस, खेळाचं मैदान, परवडणारी घरं असं काय काय लिहून घेतात आणि प्रत्येकाला एक टप्पा असतो, अमुक घरं झाली की तमुक द्यायचं. पैसे घेतले असतील तर किती वर्षांत खर्च करायचे तेही बऱ्याच करारांत असतं, नाही केले तर बिल्डर परत मागू शकतो. हे करार कौन्सिलच्या वेबसाइटवर प्लॅनिंग अर्जाखाली पीडीएफ म्हणून पडलेले असतात, शंभर पानांचे, कोणी उघडत नाही. तुमच्या कौन्सिलरबाईंनी उघडला, एवढंच.

आपल्याकडे अगदी याच जातीची एक तारीख आहे आणि ती सभागृहात क्वचित कोणी विचारतं. एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा, १९६६. विकास आराखड्यात तुमच्या जमिनीवर शाळा, बाग, दवाखाना असं आरक्षण पडलं. दहा वर्षांत पालिकेने जमीन घेतली नाही तर मालक कलम १२७ खाली खरेदी सूचना देतो. ती पोचल्यापासून २४ महिन्यांत पालिकेने भूसंपादनाचं पाऊल उचललं नाही तर आरक्षण गेलं. आधी ही मुदत १२ महिने होती, २०१५ मध्ये वाढवली. गेलं म्हणजे गेलं, मग तिथे आजूबाजूला जे चालतं ते बांधता येतं, म्हणजे बहुतेक वेळा इमारत.

आता बघा हे प्रत्यक्षात कसं घडतं. नोटीस येते, आवक-जावकला शिक्का बसतो, ती फाईल भूसंपादनाकडे जाते, तिथून बजेटची तरतूद आहे का म्हणून लेखाकडे, लेखावाले म्हणतात तरतूद नाही, फाईल परत. मग मोजणीचं पत्र. मग साहेबांची बदली. आणि २४ महिने म्हणजे फार वाटतात, पण फाईलच्या पायाने चाललं तर दोन टेबलांचं अंतर आहे. कधी ते आळसाने होतं आणि कधी, काय म्हणू, आळस व्यवस्थित सांभाळून केलेला असतो.

दप्तरी_दाखल काकांना विचारते, २६ वर्षांत किती नगरसेवकांनी असा लेखी प्रश्न टाकला की या वर्षी १२७ खाली किती सूचना आल्या, कुठल्या सर्व्हे नंबरच्या, प्रत्येकीचे २४ महिने कुठल्या तारखेला संपतात आणि आज ती फाईल कुठल्या टेबलावर आहे?

दप्तरी_दाखल:

बाई, मला आठवतात ते दोघे. एक वकील होते. दुसरे एक भाजीविक्रेते, सातवी शिकलेले, पण मुलीकडून लिहून आणायचे आणि प्रश्नाखाली आठ उपप्रश्न असायचे, अ ते ह. खात्यात त्यांचं नाव बाराखडी. “बाराखडीचा प्रश्न आलाय” म्हटलं की दोन टेबलं जागची हलायची.

आणि एक सांगतो. उत्तर नेहमी गुळमुळीतच द्यायचे, ते खोटं नाही. पण उत्तर लिहिण्यासाठी कोणाला तरी फाईल शोधावी लागायची. कपाटाच्या वरच्या फळीवरनं खाली आलेली फाईल परत वर ठेवायला जिवावर येतं, मग ती पुढे सरकायची. माझ्या नोकरीत मी सभेतल्या भाषणांनी झालेलं काम फार पाहिलं नाही, त्या अ ते ह मुळे झालेली दोन-तीन तरी पाहिली.

कात्रजचा_बोगदा:

बाराखडी!! अशा माणसाला तिकीट मिळतं का हो आता?

दप्तरी_दाखल:

एकदाच निवडून आले. पुढच्या वेळी पडले. लोकांचं म्हणणं होतं की साहेब भेटतात, पण काम काही दिसत नाही, बाकडी नाही बसवली.

नदीकाठ_४११:

हेच तर. आम्ही मत देतो ते बाकड्याला. पुण्यात ‘स यादी’ नावाची चीज असते, नगरसेवकाच्या मर्जीने प्रभागात खर्च करायचा निधी. मग बाकडी, नामफलक, कापडी पिशव्या, फुटपाथचे ब्लॉक काढून परत तेच ब्लॉक. बाकड्यावर नाव लिहिता येतं, वाचवलेल्या आरक्षणावर कोण लिहिणार, जागा तर रिकामीच दिसते.

सुसाट_सायकल:

मला एक प्रॅक्टिकल शंका आहे. पुण्यात २०१७ ला ११ गावं आणि २०२१ ला २३ गावं महापालिकेत आली. पण त्या २३ गावांच्या आराखड्याचं काम सरकारने तेव्हा पीएमआरडीए या महानगर विकास प्राधिकरणाकडेच ठेवलं. म्हणजे कर एकीकडे भरायचा आणि रस्ता कुठून जाणार हे दुसरीकडे ठरणार. अशा वेळी नगरसेवकाने प्रश्न कोणाला विचारायचा? उत्तर ठरलेलं, सदर बाब या कार्यालयाशी संबंधित नाही.

माळरान:

हे इथंही आहे. जिथे काउंटी आणि डिस्ट्रिक्ट अशी दोन कौन्सिलं आहेत तिथे खड्डा काउंटीचा आणि कचऱ्याचा डबा डिस्ट्रिक्टचा. घरं मंजूर करणार डिस्ट्रिक्ट आणि त्या घरातल्या पोरांच्या शाळेची जबाबदारी काउंटीची. आमच्या भागात एकदा रस्त्यात पडलेल्या कचऱ्याच्या डब्याने खड्डा बुजला होता, तर तक्रार कुठे करायची यावर शेजाऱ्यांमध्ये खरंच वाद झाला. त्याखाली पॅरिश कौन्सिल वेगळीच, हँडफोर्थची ती झूमवरची भांडणं २०२१ मध्ये जगभर गाजली ती असल्याच एका पॅरिश कौन्सिलची.

मोजपट्टी:

सुसाट_सायकल, तुमच्या शंकेवर. दोन कार्यालयं असली तर प्रश्नही पत्रव्यवहाराबद्दल विचारायचा. “रस्ता कधी होणार” असं नको. “या रस्त्याबाबत आपण त्या कार्यालयाला शेवटचं पत्र कधी पाठवलं, जावक क्रमांक काय, उत्तर आलं का” असं विचारायचं. पत्र पाठवणं तर स्वतःचंच काम असतं ना, त्याला संबंधित नाही म्हणता येत नाही.

मांडवीची_फेरी:

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे ग्रामसभेत प्रश्न विचारणाऱ्यांची ददात नाही, रविवारी सकाळी अर्धं गाव येतं आणि सरपंचाला घाम फुटेपर्यंत विचारतं. निवृत्त मास्तर, बोटीवरचे तारवटी, जमीनमालक भाटकार सगळे नकाशा घेऊन. डोंगर कोणी कापला, शेतात माती कोणी घातली. पण झोन बदलायचा निर्णय पणजीत होतो. रिजनल प्लॅन २०२१, म्हणजे राज्याचा जमीन-वापराचा आराखडा, लोकांनी गावोगाव बसून वाचला होता, आणि नंतर टीसीपी (नगर नियोजन) कायद्यात १६बी, १७(२), ३९ए अशी दारं उघडली की एकेका सर्व्हे नंबरचा झोन बदलता यायला लागला. सरपंच बिचारा म्हणतो मला पेपरात वाचून कळलं, आणि बऱ्याच वेळा ते खरंच असतं. म्हणजे तुमच्याकडे उत्तर देणारा निवडून आलेला नाही, आमच्याकडे निवडून आलेल्याच्या हातात उत्तर नाही.

शेंगदाणा_चिक्की:

एक भाबडा प्रश्न. मग आपल्याकडेही ते गावचं मंत्रिमंडळ का नाही आणत? महापौर आणि त्याचे खातेवाले.

नदीकाठ_४११:

कोलकात्यात आहे की, मेयर-इन-कौन्सिल, १९८० चा कायदा, १९८५ पासून चालू आहे. आणि आपल्याकडेही आणलं होतं, १९९८ मध्ये मुंबई आणि नागपूरला. वर्षभरात गुंडाळलं. एक तर सत्ता दहा जणांच्या हातात आणि बाकीचे शेकडो नाराज. स्थायी समितीत कसं, पुण्यासारख्या ठिकाणी १६ जण, दरवर्षी निम्मे निवृत्त, सगळ्यांना आळीपाळीने टेंडरं बघायला मिळतात. आणि कुठल्याच मंत्रालयाला आपला आयुक्त सोडवत नाही. ७४ वी घटनादुरुस्ती होऊन तीस वर्षं उलटली, बाराव्या परिशिष्टात १८ कामांची यादी आहे, पहिलंच काम नगररचनेसह शहर नियोजन. ती यादी छान फ्रेम करून लावावी.

दप्तरी_दाखल:

तेव्हा मुंबईच्या आमच्या मित्रांकडून ऐकलेलं, अधिकारीच जास्त गोंधळले होते, सलाम नक्की कोणाला ठोकायचा म्हणून.

पुदिन्याची_जुडी:

अवांतर: मी रेडिंगला नवीन आहे, डिपेंडंट व्हिसावर. मला हे सगळं वाचून कौन्सिलरला ईमेल करावासा वाटतोय पण मी इथली नागरिक नाही, चालेल का?

कराडकर_साहेबाच्या_देशात:

अहो ईमेल काय, मतदानसुद्धा करा! भारतीय पासपोर्टवाले राष्ट्रकुलातले, इंग्लंडात कायदेशीर व्हिसावर राहत असाल तर कौन्सिलच्या निवडणुकीत मत देता येतं, संसदेच्याही. फक्त मतदार यादीत नाव नोंदवायचं. मला स्वतःला हे तीन वर्षांनी कळलं. आणि इंग्लंडात कुठल्याही खुल्या सभेला जाऊन बसता येतं, २०१४ पासून रेकॉर्डिंगसुद्धा करता येतं, कार्यपत्रिका पाच दिवस आधी वेबसाइटवर असते.

माळरान:

उमेदवार म्हणून उभं राहायचं तर मात्र साधा व्हिसा चालत नाही, कायमचं राहण्याची परवानगी लागते. नाहीतर उद्या पुदिना प्लॅनिंगमंत्री व्हायची.

पुदिन्याची_जुडी:

आधी बिनची गाडी कुठल्या वारी येते ते शोधते, मग मंत्रिपद.

कराडकर_साहेबाच्या_देशात:

अपडेट. लेखी उत्तर आलं. बाईंनी पुढे पाठवलं. दीड पान आहे, त्यात पहिला परिच्छेद कटिबद्धतेचा. दुसऱ्या परिच्छेदात असं, की जमीन ताब्यात देण्याचा टप्पा उलटल्याचं कौन्सिलच्या निदर्शनास आलं असून विकसकाला तशी नोटीस देण्यात आली आहे. खाली नोटिशीची तारीख दिलीय.

सभा गुरुवारी होती. नोटीस शुक्रवारची आहे.

मोजपट्टी:

:-) :-)

दप्तरी_दाखल:

म्हणजे फाईल फळीवरनं खाली आली.

माळरान:

आणि गुरुवारपर्यंत ६२ घरं जास्तीची झाली तरी कोणाच्या निदर्शनास आलं नव्हतं. घरं मोजणारा कोणी नाही का त्या कौन्सिलमध्ये?

कराडकर_साहेबाच्या_देशात:

आहे ना, कौन्सिल टॅक्सचं बिल प्रत्येक घराला पहिल्या महिन्यात बरोबर येतं. बाईंनी ४१२ हा आकडा तिथूनच काढला म्हणे. पुढच्या सभेसाठी त्यांनी प्रश्न टाकलाय की टॅक्स खातं आणि प्लॅनिंग खातं एकाच मजल्यावर असताना हे आकडे एकमेकांना कधी कळवले जातात. शाळा अजून नाहीच, ढीग तसाच आहे, काल त्याच्यावर कोल्हा बसलेला दिसला.

कात्रजचा_बोगदा:

माझाही अपडेट. मोजपट्टीताईंनी सांगितलेला तो १२७ चा प्रश्न मी एका कागदावर सुबक टाइप करून आमच्या चारही नगरसेवकांना दिला. अ म्हणाले व्हॉट्सॅप करा. ब च्या ऑफिसातल्या पोराने तो हळदीकुंकवाच्या निमंत्रणांच्या गठ्ठ्यात ठेवला. ड च्या मिस्टरांनी विचारलं तुमचा प्लॉट आहे का त्यात. आणि क, ज्या फोन उचलत नाहीत, त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला स्वतःहून फोन केला. पहिल्यांदाच निवडून आल्यात. म्हणाल्या हे सर्व्हे नंबर कुठल्या ऑफिसात बघायला मिळतात आणि तिथे माझ्याबरोबर कोण येऊ शकेल. मंगळवारी अकराला जायचं ठरलंय. मोजपट्टीताई, तिथे पहिल्यांदा कुठलं रजिस्टर मागायचं?

मोजपट्टी:

आवक रजिस्टर मागा. २२ महिन्यांपूर्वीपासून सुरुवात करा, ज्यांचे दोन महिने उरलेत ते आधी. बाकी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.